पहिलं सत्र कॉम्प्युटरविना

मित्रहो, आज सकाळी देवपूजा आटोपली आणि आमच्या अभ्यासक्रम समितीच्या अध्यक्षांना निपाणीच्या बसस्टँडवर घेऊन गेलो.

वाद जुना होता. माहिती प्रणाली शिकणाऱ्या मुलांनी आधी माणसामाणसांत माहिती कशी फिरते ते बघावं, कॉम्प्युटर दुसऱ्या सत्रात, हा विभागप्रमुख म्हणून माझा हट्ट. कॉलेजात कॉम्प्युटर एकच. त्याच्यापुढं रांग लावून आमची खेड्यातली पोरं नुसती पाठ करत बसणार.

"आप्पा, पोरांना डिग्री देताय का कंडक्टरचा बिल्ला?" अध्यक्ष हसले.

मी म्हटलं, "साहेब, खानापूरला लवकर कसं पोचायचं ते विचारा. कुणाला काय ठाऊक आहे ते कागदावर काढा."

कर्नाटकच्या गाड्या कंट्रोलरला ठाऊक, महाराष्ट्राच्या तिकडच्या कंडक्टरला, आणि कुठली गाडी रोज भरून येते ते कॅन्टीनवाल्याला. साहेब कुणाकडून कुणाला काय कळतं त्याचे बाण काढत, खोडत, कन्नडात नि मराठीत विचारत फिरले. चहा निवून गेला.

शेवटी म्हणाले, "आप्पा, ह्याला एक सत्र पुरायचं न्हाय हो!"

दुपारच्या बैठकीत माझा प्रस्ताव त्यांनीच मांडला, आणि सगळ्यांचे हात वर गेले. मनात देवाला नमस्कार केला.

तुमच्या गावात तुम्ही मुलांना कुठं पाठवलं असतं?

मी मात्र इतकी वर्षं अडलेला तो अभ्यासक्रम आज सही करून विद्यापीठाकडं धाडला.