मोची आणि उडदाची लाटी

नणंदेच्या तोंडून आवाजच येईना. दोन्ही हातांनी गळा धरून ती पाटावर बसली होती. डोळे बाहेर आले होते, ओठ जांभळे पडत होते. आधी आम्हाला वाटलं, सोंग करते आहे. तिला ती खोडच आहे. मग तिने पाय झाडले आणि पिठाची परात उलटली.

मी पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावायला गेले. माझ्या नातीने तो माझ्या हातातून उडवला.

"आजी, पाणी नको!"

ही नात जपानात गाईड आहे. आपल्याकडून गेलेल्या लोकांना तिथल्या एका गावात फिरवते, बाजार दाखवते, काय खायचं, कसं खायचं ते सांगते. ती सुट्टीत जळगावला आली तेव्हा आमच्याकडे उडदाचे पापड चालले होते. नणंद खास पापडांसाठी धुळ्याहून मुलाला घेऊन आली होती. शेजारणी होत्या. लाटता लाटता आम्ही पोरीला म्हटलं, तिथलं काही सांग.

तिने सांगितलं. तिथे शेवया सुर्रसुर्र आवाज करत खाल्ल्या तरी कोणी नावं ठेवत नाही. जेवायच्या आधी सगळे हात जोडतात. जेवतात काड्यांनी, पण भातात काडी उभी खोचायची नाही, कारण तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात. आणि माणूस जाळल्यावर घरचेच लोक काड्यांनी अस्थी वेचतात. एका शेजारणीचं लाटणं हातातच राहिलं.

"जेवायच्याच काड्यांनी?"

"काकू, त्या काड्या वेगळ्या असतात हो!"

मग तिने तिकडून आणलेलं चिकट तांदळाचं पीठ भिजवून वाफवलं, मळलं आणि त्याचे गोळे केले. पांढरे, मऊ, ताणले तर लांबणारे. म्हणाली, "ही मोची. नव्या वर्षाला खातात. अगदी बारीक तुकडे करायचे आणि चावून चावून खायचं. तिथे दर वर्षी म्हातारी माणसं हिने गुदमरून मरतात."

"खाईसन मरतस, आन तरी बी खातस?" नणंद म्हणाली. सगळ्या हसल्या.

नणंदेला दात नाहीत. पापडाची कच्ची लाटी, म्हणजे लाटायच्या आधीचा पिठाचा गोळा, तिला फार आवडते. ती लाटी चावत नाही, तेलात बुडवते आणि गिळते. उडदाची लाटी तेलाने सरकन खाली उतरते. तेलाची वाटी समोरच होती. पोर सुरी आणायला उठली तेवढ्यात नणंदेने अख्खा गोळा उचलला.

"हाई त लाटी शे! तू माले लाटी खावाले शिकाडशी का?"

तेलात बुडवला आणि तोंडात टाकला.

पेला उडवल्यावर पोरीने तिला पुढे वाकवलं आणि पाठीत तळहाताने जोरजोरात हाणायला लागली. आवाज ऐकून नणंदेचा मुलगा आतून धावत आला. आल्या आल्या त्याने पोरीचं मनगट पकडलं.

"माझ्या आईला मारतेस?"

मी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. म्हटलं, "सोड तिला. तुझी आई मरते आहे."

पोरीने नणंदेला मागून कवळ घातली, बेंबीच्या वर मूठ रोवली आणि आत, वर असा हिसका दिला. काही झालं नाही. नणंदेची मान लुळी पडली. मी मनात म्हटलं, गेली. चांगलं हसत खेळत बसलेलं माणूस खाण्याच्या गोळ्याने जातं, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी नुसती उभी होते.

पोरीने पुन्हा हिसका दिला, मग आणखी एक. गोळा वाळत घातलेल्या पापडांवर येऊन पडला. जसा गेला तसाच, अख्खा.

नणंदेने श्वास ओढला. त्याचा आवाज सायकलच्या पंपासारखा आला. मग ती खोकली, रडली, आणि बऱ्याच वेळाने बोलली ते एवढंच, "त्या पापड फेकी द्या."

पोर मोरीपाशी जाऊन ओकत होती. मी पाठ चोळायला गेले तर म्हणाली, "आजी, मी हे रोज लोकांना सांगते गं. पाठ झालंय. खरंच कोणाला होताना कधी पाहिलं नव्हतं."

डॉक्टरांनी बरगडीला मार लागल्याचं सांगितलं, बाकी काही नाही. नणंद वाचली. धुळ्याला मुलाकडे असते.