हाललं तरी चालीन, आबा

केळीचा चीक कपड्याला लागला की निघत नाही. धुवा, घासा, डाग काळाच पडत जातो. आमचे वडील, आबा, फैजपूरच्या शिवारात मजुरीने घड कापायला जायचे, आई ते डोक्यावरून बांधापर्यंत वाहायची, आणि त्यांच्या जुन्या कपड्यांतून आमची दप्तरं शिवली जायची. शाळेत पोरं "चिकटे आले" म्हणून चिडवायची. मी रडायचो. माझी मोठी बहीण सुनंदा, आमची अक्का, त्या डागांवर बोट फिरवत म्हणायची, "नीट पाह्य, ही तापी, हा सातपुडा." घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. अक्का गेली, भौतिकशास्त्रात थेट पीएचडीपर्यंत गेली, आणि तिचीच पुस्तकं वाचून मी बी.एस्सी. झालो. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

मागच्या महिन्यात शिरपूरला माझ्या शाळेत वर्गावर होतो. पुण्याहून, तिच्या प्रयोगशाळेतून फोन आला. अक्का गेली. आजार माहीत होता, तरी... खडू हातात तसाच राहिला.

अक्का काय काम करते हे गावात सांगताना मी अडायचो. एमआरआयचं मशीन आता सगळ्यांना माहीत आहे. अक्का त्या मशीनला मेंदूकडे नव्या तऱ्हेने बघायला शिकवायची. मेंदूतलं पाणी मज्जातंतूंच्या धाग्यांबरोबर सहज सरकतं, आडवं जाताना अडतं. ते सरकणं टिपलं की कुठला धागा कुठून कुठे गेला त्याचं चित्र उमटतं, डोकं न उघडता! पहिल्यांदा तिने असं चित्र दाखवलं तेव्हा मी एकेक धागा बोटाने गिरवत बसलो. पण अट एकच, माणसाने निपचित पडायचं. पाण्याचं ते सरकणं इतकं बारीक की मान जरा हलली तरी सगळं पुसट.

आणि आमच्या आबांचीच मान हलायला लागली. आधी हात थरथरले, कोयता सुटला, मग मान. जळगावला एमआरआय तपासणी केली तर चित्र धुक्यासारखं आलं. अक्का आल्यावर परत केली, परत धुकंच. दम्यामुळे गुंगीचं औषध द्यायला डॉक्टर तयार नव्हते. आबांनी मनाशी धरलं होतं की डोक्यात गाठ आहे, आणि हो की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हतं. मशीनमधून बाहेर आल्यावर ते अक्कावरच उखडले, "हालू नका, हालू नका! हालनं माह्या हातात असतं त मी इथी आलो असतो काय?" अक्काने त्यांना हात धरून बसवलं. मग म्हणाली, "बराबर हाये तुमचं. हाललं तरी चालीन, आबा. शिकाचं ते मशीननं शिकावं."

पुण्याला जाऊन ती त्याच कामाला लागली. मोठं चित्र काढताना मधेमधे डोळा मिटायच्या आत एक छोटं चित्र घ्यायचं, डोकं कुठे सरकलं ते ओळखायचं, आणि पुढचं सगळं त्या बेताने वळवायचं. माणसाआधी हे अशा वस्तूवर करून बघायचं होतं जिच्यात पाण्याने भरलेले धागे आहेत. ती वस्तू आमच्या अंगणाबाहेरच होती. तिने फोन केला, "आबा, येताना केळीचा खांब आणा."

आबांनी चार आणले. भुसावळहून रेल्वेने, हळद-कुंकू लावलेले, वर नारळ! गेटवरचा वॉचमन म्हणाला, "बाबा, लग्न कुणाचं?" अक्का हसून हसून खाली बसली. "आबा, हातभर तुकडा पाह्यजे होता!" आबा तोऱ्यात म्हणाले, "नव्या मशीनची पूजा हातभर तुकड्यावर होते काय? चार कोपरे, चार खांब."

एकाचा तुकडा कापला, बाकीचे तिने दाराला उभे केले. मशीनजवळ लोखंड चालत नाही म्हणून एकही खिळा न मारता, सुतळीने बांधलेला लाकडी पाळणा तिने करून घेतला होता. त्यात तो तुकडा ठेवला, आणि पाळण्याची दोरी दिली आबांच्या हातात. त्यांना काही करायचं नव्हतं. थरथर आपोआप दोरीतून खांबापर्यंत पोचत होती. पडद्यावर आधी धुकं आलं. मग अक्काने तिची पद्धत लावली... आणि धुक्यातून एकेक धागा उभा राहिला, सरळ, ताठ. आबा दोरी धरून, मशीनच्या खोलीतल्या काचेला आतून नाक लावून पडदा बघत होते. म्हणाले, "जनमभर कापला, आतून आज पाह्यला."

पुढे सगळ्या परवानग्या मिळाल्यावर आबा स्वतः आत गेले. मान हलत होती. कोणी "हालू नका" म्हणालं नाही. पडद्यावर फांद्या फुटलेल्या झाडासारखा त्यांचा मेंदू उमटला, स्वच्छ. डॉक्टरांनी निरखून पाहिला. गाठ नव्हती. कंपाचा आजार होता, त्यावर औषध होतं. आबा चित्राकडे बघत राहिले. "एवढं हाये माह्या डोक्यात?" "हो ना," अक्का डोळे पुसत म्हणाली, "अन् आई म्हने काहीच नाही."

अक्का गेल्यावर तिच्या सहकाऱ्यांनी तो पाळणा फैजपूरला पोचवला. आबांनी तो ओसरीच्या आढ्याला टांगलाय. ते रोज त्याच्याजवळ बसतात, दोरी हातात धरून. औषधाने थरथर कमी झाली आहे, गेली नाही. पाळणा हलत राहतो.

आता दुसऱ्या शहरांतही कंप असलेल्या माणसांचे मेंदू त्या पद्धतीने तपासतात. हलणाऱ्या माणसाच्या मेंदूचं स्थिर चित्र काढायची ती पद्धत माझ्या अक्काने तयार केली.