योगनिद्रेत नळ आला तेव्हा

जुन्या सतरंजीचा कोंदट वास आला की मला बीडच्या मंगल कार्यालयातला योगनिद्रेचा वर्ग आठवतो. आईच्या आजारपणात रात्री जागून थकलेल्या बायकोला मी तिथे बळंच नेलं होतं. शिकवणाऱ्या बाई हळू आवाजात "पाय सैल सोडा" म्हणत होत्या, आणि बायकोला खरंच गाढ झोप लागली. तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "नळ आला गं!" पाणी आठवड्याने आलेलं, साऱ्या बाया उठून पळाल्या. "भाऊजी, उठवा की तिला, हंडे कोन भरंल?" शेजारीण म्हणाली. "मीच भरतो," म्हणत ढेरी सावरत घरी धावलो. भिजून परतलो तरी ती झोपलेलीच. दमून शेजारी आडवा झालो आणि माझ्याच घोरण्याने तिला जाग आली. "पाणी आलं का हो?" "भरलं, झोप तू." पण ती केस बांधत उठलीच. तशी झोप तिला अजून पुन्हा लागलेली नाही.