पालथा हात

“पालथा हात लाव. गार लागतोय ना कागद? म्हणजे अजून ओला आहे. थांब.”

डोंबिवलीजवळच्या कोपरला आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या बाईंचं हे पालुपद. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. मी बँक सोडून घरात नुसती चिडचिड करत होते, तेव्हा त्यांनीच मला जलरंग शिकायला ओढून नेलं.

तुम्ही कधी जलरंग हाताळले असतील तर माझं दुःख कळेल. आकाशाचा निळा थर दिला, की तो वाळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. माझ्यात कुठला एवढा धीर! मी ओल्यातच झाड घुसवायचे आणि त्याची पार पालकाची भाजी व्हायची.

“घाई केलीस,” बाई म्हणायच्या. “आता पुसायला जाऊ नकोस, आणखी चिघळेल.”

“अहो, हेअर ड्रायर आणते ना!”

“आण, आणि तुझे केस वाळव.”

त्यांच्या भिंतीवर एकच चित्र दुसऱ्या हातचं होतं. खाडीचं. होडी आकाशात विरघळलेली. “लेकाचं. सातवीत होता.”

लेक राहायचा ठाण्याला, कोपरीत. कोपर आणि कोपरी, मधे फक्त एक वेलांटी! पण सहा वर्षांत तो आला नव्हता. लग्न ठरवल्याचं सांगायला आलेला, तेव्हा बाई त्या मुलीबद्दल नको ते बोलून गेल्या होत्या. “घाई केली गं मी,” एवढंच एकदा म्हणाल्या.

“मग फोन करा की!”

“अजून ओलं असेल. आत्ता हात लावला तर चिघळेल.”

“बाई, सहा वर्षं झाली! एवढ्यात धरण आटतं!”

त्या हसल्या नाहीत. ब्रश कधीच स्वच्छ झाला होता, तरी धूत राहिल्या.

त्याचा नंबर सोसायटीच्या रजिस्टरमध्ये होता, आणि रजिस्टर माझ्याच कपाटात. करू का नको, करू का नको, यात मीही दिवस घालवले. एरवी कशातही नाक खुपसणारी मी, नेमका तिथेच मला धीर सुचला! माझा मलाच आलेला तो राग अजून जात नाही.

शेवटी फोन केला तो एका सकाळी, बाईंना तपासून डॉक्टर “रात्रीच गेल्या” म्हणून निघून गेल्यावर.

तासाभरात तो आला. दारातच क्षणभर अडखळला. मग पलंगाशी बसला आणि आईच्या कपाळावर हात टेकवला. पालथा.

“गार आहे,” तो म्हणाला.

मी तोंडाला पदर लावला. तो माझ्याकडे न बघताच बोलला, “मी थांबलेलो, काकू. ओल्याला हात लावायचा नाही, हे आईनेच शिकवलेलं.”

हात मात्र त्याने बराच वेळ काढला नाही.