सेहेचाळीस वर्षं रखडलेलं बारसं

चीनमधल्या फेनचौ शहरात त्यांना सगळे ‘अठरावे’ म्हणत. बापाचे ते अठरावे अपत्य होते, आणि सेहेचाळिशी आली तरी त्यांना नाव नव्हते. मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाचे ते थेट वंशज. त्यामुळे नाव ठेवायचा हक्क आईबापांना नाही, राजधानीतल्या खात्याला. नाव नाही तोवर लग्नाचा अर्जसुद्धा करता येत नाही.

शिवाय राजवंशातल्या माणसाने कामधंदा करायचा नाही, खजिना त्याला पोसेल, असा त्या मूळ पुरुषाचा हुकूम. म्हाताऱ्याने पोरांवर माया केली, पण पोरांना पोरे होतात हे विसरला. अडीचशे वर्षांत त्यांची लाखावर संख्या गेली. सैनिक उपाशी आणि धान्य यांच्या कोठारात. तेही पुरेना, तेव्हा दरबाराला अक्कल सुचली आणि काटकसर म्हणून त्याने टपालाचे घोडेस्वार काढून टाकले. मग नावांचे अर्ज आणखीच रखडले, आणि काढलेले स्वार बंडात गेले.

ज्वारी आंबवून शिरका, म्हणजे व्हिनेगर, करणाऱ्या लानशी अठराव्यांचे लग्न ठरून बावीस वर्षे झाली होती. रोज ते तिच्याकडे पडद्याआड उभे राहून आंबवण ढवळत. काम करताना सापडले असते तर फटके बसले असते.

“आलं का नाव?” गिऱ्हाइके पडद्याकडे बघत विचारायची.

“दोनदा येऊन परत गेलं,” लान म्हणायची. “दोन्ही वेळा खात्यातले तेच नाव आधीच कुणा चुलतभावाला देऊन बसले होते.”

ज्या दिवशी बंडखोर शहरात शिरले, त्याच दिवशी दफ्तरातला म्हातारा कारकून धापा टाकत आला. राजवंशातला माणूस दिसला की बंडखोर तिथेच कापत होते, आणि हा दोन्ही हातांनी कागद पुढे करून उभा.

“अभिनंदन, साहेब. नाव मंजूर झालं. पोच द्या.”

पोच घेतल्याशिवाय तो हलेना. अठराव्यांनी नाव वाचले आणि त्यांना रडू कोसळले. फार सुंदर नाव होते. लानने कागद हिसकावून चुलीत घातला.

“अगं, खरा शिक्का होता त्यावर.”

“म्हणूनच.”

कारकून गेला आणि लगेच बंडखोरांचा नाईक आत आला. हाही एकेकाळचा टपालस्वार.

“हा कोण?”

“माझा नवरा,” लान म्हणाली.

“नाही, परवानगी अजून...” अठरावे सवयीने बोलून गेले. लानने त्यांचा पाय तुडवला.

“कसली परवानगी?”

“जेवायची. मला विचारल्याशिवाय जेवत नाहीत.”

नाईकाला हसू आले. “नाव काय रे तुझं?”

नाव अगदी जिभेवर होते. ते त्यांनी गिळले. “ठेवलंच नाही.”

नाईकाने त्यांचे हात उलटून पाहिले. घट्टे पडलेले, शिरक्याने पिवळे झालेले. “कष्टाचे आहेत,” तो म्हणाला आणि शेजारच्या घरात शिरला.

अठराव्यांनी पुन्हा आंबवण ढवळायला घेतले.

“आपण खोटं बोललो,” अठरावे पुटपुटले.

“कुठलं खोटं? नवरा असल्याचं, की नाव नसल्याचं?”

त्यांनी नीट विचार केला.

“नाव नसल्याचं.”