माझ्या निऱ्या

अर्धांगाचा झटका आला माझ्या उजव्या अंगाला, पण घरच्यांनी गृहीत धरलं की माझी अक्कलही त्याच बाजूला होती. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत भेटायला आलेली बाई माझ्यासमोर बसायची आणि आमच्या ह्यांना विचारायची, जेवतात का त्या? अहो, मला विचारा की! तोंड जरा वाकडं झालं होतं, जीभ आठवडाभर अडखळली, पण कान काय मी दवाखान्यात ठेवून आले होते?

सगळ्यांत पुढं आमच्या वन्सं. म्हणजे माझी थोरली नणंद, अक्कलकोटची. मला घरी आणलं त्याच दिवशी पिशवी घेऊन राहायला आल्या. माया आहे, नाही म्हणणार नाही. माझे पाय चेपायच्या, माझी वेणी घालायच्या. पण त्या मायेचा मला असा जाच झाला की विचारू नका. घास भरवायच्या आणि वर पदरानं तोंड पुसायच्या. मी वाटी उचलली की त्यांनी ती काढून घेतलीच. 'तू बस की, मी हाय न्हवं?' दिवसभर हेच. माणसानं बसायचं तरी किती?

आणि तो गाऊन! लग्न झाल्यापासून दिवसा साडीशिवाय दुसरं काही अंगाला लावलं नाही मी. आता हिच्या निऱ्या कोण घालणार म्हणून वन्संनी दोन गाऊन आणले, मोठमोठ्या फुलांचे. दारात दूधवाला आला तरी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उठून आत जायचं म्हटलं तरी दुसऱ्याचा आधार लागायचा, त्यामुळं तशीच बसायची.

फिजिओथेरपीची एक मुलगी व्यायाम शिकवायला यायची. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, रोजची कामं ह्याच हाताला करू द्या, कितीही वेळ लागू दे, नाहीतर हात शिकणार नाही. वन्संनी मान डोलावली, तिला चहा दिला, आणि ती जिना उतरते न उतरते तोच मला भरवायला बसल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातच माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, होटगीला, माझ्या माहेरी. मी विचारलं, कुठली साडी काढू? तर वन्सं म्हणाल्या, गाऊनवर शाल घे, कोपऱ्यात खुर्ची टाकू, लोकं समजून घेतात. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, बरोबर आहे, उगीच दगदग नको. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाल! मी काय सत्काराला चालले होते? माहेरच्या मांडवात नवरीच्या आत्यानं गाऊन घालून बसायचं? म्हटलं, साडी नेसून येईन, नाहीतर येणारच नाही. वन्सं म्हणाल्या, मग मी नेसवते. म्हटलं, माझी मी नेसणार. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, पोर हट्टाला पेटल्यावर मोठी माणसं बघतात तसं.

दुपारी वन्सं कलंडल्या की मी टॉवेल काढायची. आपला सोलापुरी, जाड, हातातून न निसटणारा. डाव्या हातानं निरी घालायची आणि उजव्याला धरायला द्यायची. धरायला तो मेला एका पायावर तयार, पण सोडायचं नाव नाही. एकदा मूठ मिटली की मिटली. डाव्या हातानं एकेक बोट उकलावं लागायचं. कितीदा तो टॉवेल भिंतीवर फेकला आणि कितीदा रडले, सांगायची सोय नाही. हात माझा आणि ऐकत नाही माझं! घरच्यांच्याच वळणावर गेला होता तोही.

लग्नाच्या सकाळी भावानं पाठवलेली जीप खाली येऊन उभी राहिली. एव्हाना आधाराशिवाय उभं राहण्याइतका पाय सावरला होता. मी दार लोटून घेतलं आणि इरकल साडी काढली. एका हातानं ब्लाउजचे हुक लावता लावताच घाम फुटला. वेढा घेतला, निऱ्या घातल्या. एक लांब, एक आखूड, पण माझ्या. उजव्या मुठीत घट्ट धरल्या होत्या, आता खोचायच्या तेवढ्या राहिल्या. तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न दिला आणि दार ढकलून वन्सं आत आल्या, मागोमाग हे. 'आगं बया, हे काय ध्यान,' म्हणत वन्सं वाकल्या आणि त्यांनी सरळ माझ्या निऱ्यांना हात घातला.

कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. पोटाशी चिकटून राहणारा माझा उजवा हात उठला आणि वन्संच्या मनगटावर फाडकन बसला. सगळ्या निऱ्या सुटून जमिनीवर पडल्या.

आम्ही तिघंही त्या हाताकडं बघत राहिलो. पाचही बोटं उघडी होती. कुणी उकलली नव्हती.

वन्सं मनगट चोळत होत्या. थोरल्या नणंदेवर हात उगारला होता मी, तोही लग्नाच्या दिवशी. आता ह्या पिशवी भरणार आणि अक्कलकोटची गाडी धरणार, असंच मला वाटलं. हे म्हणाले, आधी माफी माग. मी मागितली नाही.

"माझ्या निऱ्या मी घालीन," मी म्हटलं.

वन्संनी खाली पडलेल्या साडीकडं बघितलं. उचलायला वाकल्या नाहीत. खाली जाऊन जीप थांबवून ठेवायला त्यांनी आपल्या भावाला सांगितलं, आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"घाल," त्या म्हणाल्या. "मी बसते की."