सतरा नंबर, अठरा नंबर आणि एक शिडी

दोन हजार बावीस साल, वैशाख संपत आलेला. खामगावात सकाळी दहालाच रस्त्याचं डांबर मऊ होत होतं. त्या दिवशी वच्छलाबाईनं नारायणराव कंडक्टरच्या घरात पाय ठेवला आणि पुढचे दहा महिने माझ्या चपला झिजल्या.

मी घरांचा दलाल. शिक्षण चौथी. चाळीस वर्षं रजिस्टर ऑफिससमोरच्या लिंबाखाली बसतो. शेजारी लोखंडे अर्जनवीस बसतो, तो दस्त लिहितो. घेणाऱ्याला घर मिळतं, विकणाऱ्याला पैसा मिळतो, आम्हा दोघांकडे किस्से उरतात. हंगामात जिनिंगपुढे कापसाच्या गाड्या लागतात तसे ते लागलेले असतात. एक रिकामी होत नाही तोच मागे चार! पण एकाच घरापायी इतके किस्से मला कधी मिळाले नाहीत. मला सहसा कशाचं नवल वाटत नाही. या घराचं वाटलं.

* * *

वच्छलाबाई बाजारात भाजी विकते. तिचा नवरा सुखदेव हमाल होता. पाठीवर पोतं असताना ट्रकच्या फळीवरून पडला आणि पाय गेले. भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. दवाखाना सोडला तर दीड वर्षात तो खाली उतरला नव्हता.

नारायणराव एसटीचे रिटायर कंडक्टर. बायको वारली, मुलगा नाशिकला. त्याच्याकडे फ्लॅटमध्ये जायचं म्हणून त्यांनी घर विकायला काढलं होतं. ते बाईला घर दाखवू लागले. "हे बैठक. हे देवघर. फरशी पाहा, अजून चमकते."

बाईचं लक्षच नाही. ती बाहेर गेली. रस्त्यावरून ओट्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली.

"एकच पायरी हाय," ती म्हणाली. "घेतलं."

"अवो बाई, भाव तं इचारा!"

"भाव तुम्ही सांगसानच. पायऱ्या कोणी सांगत नाही, मोजा लागते."

तिथेच इसार झाला. सुखदेवच्या अपघाताची जी भरपाई मिळाली होती, ती सगळी तिनं ताटात ठेवली, वर नारळ ठेवला. मागे काही राखलं नाही; उरलेली रक्कम हप्त्यानं द्यायची ठरली. मी म्हणालो, "दिवाळीच्या आत चाबी तुमच्या हातात." दलाली मी चाबी दिल्यावरच घेतो. आणि चाळीस वर्षांत माझी तारीख चुकली नव्हती.

* * *

आठ दिवसांनी लोखंडेनं मला लिंबाखाली बोलावलं. पुढ्यात जुनी खरेदी, लेआऊटचा नकाशा. चष्मा कपाळावर.

"देवरावभाऊ, नारायणरावचा प्लॉट सतरा नंबर."

"हाव."

"मंग ते अठरामंदी काऊन राहून राह्यले?"

मी नकाशा घेतला. उलटा केला, सुलटा केला. खरंच होतं. नारायणरावांचं घर अठरा नंबरवर उभं. शेजारच्या उत्तमरावांचा प्लॉट अठरा, घर सतरावर.

उत्तमराव म्हणजे जिनिंगमधले रिटायर फिटर. दोघे जुने दोस्त. तीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच पेनानं दोघांनी लागून प्लॉट घेतले. लेआऊटवर नकाशा पाहायला दोघंच गेले होते. वारा होता. नकाशा उडू नये म्हणून एकानं इकडून धरला, एकानं तिकडून. धरला तो उलटा! एकाच नारळात दोघांचं भूमिपूजन झालं आणि दोघांनी एकमेकांच्या प्लॉटवर घर बांधलं.

म्हणजे कागदावर नारायणरावांचं घर उत्तमरावांचं. त्यांची सही नाही तर विक्री नाही. आधी दोघांचं अदलाबदलपत्र, मग वच्छलाबाईची खरेदी. दोन दस्त, दोनदा स्टॅम्प, दोनदा फी, वरून सरकारी मोजणी.

लोखंडे म्हणाला, "एक डाव सही घ्यायची हाय. शेजारीच तं राह्यते."

त्याला माहीत नव्हतं. ते दोघं बारा वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

* * *

कारण शिडी.

बारा वर्षांपूर्वी उत्तमरावांनी घरावर माडी चढवली. तेव्हा नारायणरावांची लोखंडी शिडी नेली. काम संपल्यावर उत्तमराव म्हणाले, परत केली. नारायणराव म्हणाले, आलीच नाही. ते नुसतं म्हणून थांबले नाहीत, चौकात चार लोकांसमोर म्हणाले. तिथून बंद. मधल्या भिंतीवर काचा लागल्या.

मी प्लॉटचं सांगायला गेलो तेव्हा नारायणराव आधी हसले. मग उठून आतून टॅक्सच्या पावत्यांचा पुडका घेऊन आले. पावतीवर नंबर सतरा. एकेक पावती पाहत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बारा वर्षांपहिले टॅक्स एकदम वाढला होता. मी नगरपालिकेत जाऊन भांडलो. ते म्हणत, काका, तुमची माडी हाय. मी म्हणे, माडी कुठं हाय बे माझी!"

त्यांनी पावत्या खाली आपटल्या.

"म्हणजे माडीचा टॅक्स मी भरून राह्यलो, आन् माडीवर झोपते तो!"

* * *

उत्तमराव मला ओट्यावर चहा देऊन म्हणाले, "सहीले माझी ना नाही. पण नाऱ्यानं स्वतः याचं आन् सांगाचं."

मी भिंतीला वळसा घालून नारायणरावांकडे. ते म्हणाले, "त्यानं पहिले शिडी आणाची."

पुन्हा वळसा. "शिडी मी देली."

पुन्हा वळसा. "मंग ते गेली कुठं? चालत गेली?"

चारचार पावलांचं अंतर. ज्येष्ठ ते भाद्रपद मी तेवढंच चाललो.

एक दिवस दुसऱ्या एका दलालाला वास लागला. तो उत्तमरावांकडे गेला आणि म्हणाला, "काका, कागदावर ते घर तुमचं हाय. फुकट सही कायले देता? पाच लाख मागा. त्याले झक मारून देणं पडते."

हे मला उत्तमरावांच्या सुनेनं सांगितलं. उत्तमराव सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"त्यानं मले शिडीचोर म्हटलं," ते म्हणाले. "म्हणून मी घरचोर होऊ? चाल, निघ!"

या धंद्यात मी सख्खे भाऊ सहीसाठी भाव करताना पाहिले आहेत. ही गोष्ट ऐकून मी त्या दिवशी दुसरं काम केलं नाही. घरी गेलो आणि बसून राहिलो.

* * *

मोजणीचा अर्ज दिला. तारीख तीन महिन्यांनी मिळाली. त्या तारखेला मोजणीदार आला, मशीन चार्ज नव्हतं. पुढची तारीख. एक कागद मागायला गेलो की तो कागदच म्हणे, माझ्या आधी दुसरा आणा.

जुन्या खरेदीच्या नकलेसाठी मी आणि वच्छलाबाई ऑफिसात पाच वेळा गेलो. पाचही वेळा सर्व्हर डाऊन! बाकडी भरलेली, लोक जांभया देणारे. ऑपरेटर स्क्रीनकडे पाही, आम्ही ऑपरेटरकडे.

मी बाईला म्हणालो, "तुमच्या धंद्याचा दिवस बुडते. मी बसतो, तुम्ही जा."

सहाव्या खेपेला ती टोपलं घेऊनच आली. गेटबाहेर लिंबाखाली बसली. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. बाराच्या आत टोपलं साफ. नोटीसवाले, खरेदीवाले, वकिलाचा कारकून, सगळ्यांच्या हातात जुड्या. सर्व्हर बंद आणि मेथी चालू!

आतला ऑपरेटरही खिडकीतून ओरडला, "मावशी, एक जुडी ठेवजा!"

"नक्कल निंघाली का, पहिले ते सांग," बाई म्हणाली.

नक्कल त्याच दिवशी निघाली. सर्व्हर आपोआप आला की कसा, मी विचारलं नाही.

* * *

दिवाळी आली. चाबी नाही.

पाडव्याला मी वच्छलाबाईच्या खोलीवर गेलो. बावीस पायऱ्या. माझा उजवा गुडघा गेलेला आहे. मध्ये दोनदा थांबलो. वर खिडकीशी खाटेवर सुखदेव पडलेला. खिडकीतून दिसत होती समोरच्या घराची टाकी, बाकी काही नाही.

मी उभ्यानंच बोललो. "दिवाळी सांगितली होती. चुकली. इसार वापस पाह्यजे असंल तं नारायणराव देतील, मी बोललो त्याहिले."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. सुखदेव टाकीकडे पाहत होता.

"बावीस चढले तुम्ही?" त्यानं विचारलं.

"हाव."

"मले उतरता येत नाही, तुम्हाले चढता येत नाही. तरी आले. मंग इसार राहू द्या तिथंच."

चाळीस वर्षांत माझी पहिली तारीख चुकली होती. आणि त्या माणसानं मला लाडू दिला.

* * *

संक्रांत झाली तरी ते दोघं हलले नाहीत. मोजणी झाली, नकाशा आला, दस्त लिहून तयार. दोन म्हातारे अडून बसलेले. इकडे वच्छलाबाईच्या घरमालकानं खोली मोकळी करायला सांगितलं. मुलाचं लग्न होतं, त्याला जागा हवी होती. होळीपर्यंतची मुदत.

माघातल्या एका रविवारी सकाळी मी नारायणरावांकडे बसलो होतो. गल्लीत आवाज झाला. चार हमाल प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून येत होते. खुर्चीत सुखदेव. मागे वच्छलाबाई.

"हे का हाय?" मी तिला विचारलं.

"त्याहिले घर पाहाचं होतं. इसार त्याहिच्या पायाचा हाय, घर मीच पाह्यलं."

हमालांनी खुर्ची रस्त्यावर ठेवली, दोन घरांच्या बरोबर मध्ये. सुखदेव हात जोडत नव्हता, कोणाला काही मागत नव्हता. एकदा या घराकडे पाही, एकदा त्या.

"यातलं कोणतं?" त्यानं बायकोला विचारलं.

नारायणरावांनी दार पूर्ण उघडलं. हमालांनी त्याला ओट्यावर बसवलं. त्यानं फरशीवर हात ठेवला. मग ओट्यावरून पाय खाली सोडले. ते पायरीला टेकले. तो तसाच बसून राहिला. गल्लीतून एक दूधवाला गेला, दोन कुत्री गेली. ते सगळं तो असं पाहत होता, जणू जत्रा चालली आहे!

वर माडीवर उत्तमराव उभे होते. कधीपासून, माहीत नाही. ते जिना उतरून खाली आले. नारायणरावांकडे पाहिलंच नाही.

"देवराव," ते मला म्हणाले, "रजिस्टरले कधी याचं?"

* * *

फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, आम्ही सगळे ऑफिसात. सर्व्हर चालू होता. मी आधी देवाला आणि मग ऑपरेटरला नमस्कार केला.

पहिला दस्त अदलाबदलीचा. या वेळी ऑपरेटर एक पोरगी होती. ती म्हणाली, "काका, जवळ सरका. फोटोत एकच येऊन राह्यले." दोघं सरकले. खांद्याला खांदा लागला. दोघंही कॅमेऱ्यात असे पाहत होते, जसे काही शेजारी कोणी नाही.

दुसरा दस्त वच्छलाबाईचा. तिचा अंगठा मशीन घेईना. तीस वर्षं ओल्या भाज्या, माती आणि सुतळी. अंगठ्यावर रेघच उरली नव्हती. पुसला, केसांना घासला, लिंबू लावलं. मशीन लाल ते लालच. पंधराव्या वेळेला डाव्या हाताचा लागला. मी मोजत होतो.

मग ओळखीचे साक्षीदार. एक मी. दुसरा माझा नेहमीचा माणूस, त्याच्या घरी ऐनवेळी मयत झाली. आतून साहेब म्हणाले, "दुसरा आणा, नाहीतर उद्या." उद्यापासून सुट्ट्या होत्या. सुट्ट्यांनंतर वच्छलाबाईला खोली नव्हती.

मी दाराकडे पळणार, तेवढ्यात उत्तमराव बाकावरून उठले. खिशातून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी नारायणरावांकडे बोट केलं. "यांना ओळखता?"

उत्तमरावांनी मान वळवली. नीट पाहिलं.

"ओळखतो."

"किती वर्षांपासून?"

"एकेचाळीस."

बारा वर्षं त्यांनी वजा केली नाहीत!

* * *

चाबी दुसऱ्या दिवशी सकाळी दिली. आमच्याकडे घर सोडताना रिकामं सोडत नाहीत. नारायणरावांनी चुलीच्या जागी पाण्यानं भरलेला माठ ठेवला, चाबी विड्याच्या पानावर ठेवून वच्छलाबाईच्या हातात दिली आणि मागे न पाहता बाहेर आले. सुखदेव ओट्यावर बसलाच होता, पाय पायरीवर.

नाशिकला जाणारा टेम्पो गल्लीत उभा. खाट, कपाट, गाद्या, सगळं भरून झालेलं. ड्रायव्हर दोर आवळत होता.

शेजारचं फाटक वाजलं.

उत्तमराव आले. खांद्यावर लोखंडी शिडी. बारा पायऱ्यांची, बारा वर्षं घरात पडून जळमटं लागलेली. खालच्या दांड्यावर पांढऱ्या रंगात 'ना' काढलेला. मी पाहत राहिलो, लोखंडे पाहत राहिला, हमालांनी बिड्या विझवल्या.

ते टेम्पोपाशी थांबले. नारायणराव पुढे झाले. शिडीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. दोघांनी मिळून ती वर सामानावर चढवली. उत्तमरावांनी दोर ओढला, नारायणरावांनी गाठ मारली.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, सातव्या मजल्यावर जाऊन राह्यले तुम्ही. लिफ्ट हाय तिथं. शिडी कायले?"

नारायणराव पुढच्या सीटवर बसले.

"चाल," ते म्हणाले.